खारी टाकी, गोड्या पाण्याचा हिशेब

खान्देशाला सर्वांत जवळचा समुद्र सुरतेचा. तापी जळगाव जिल्ह्यातून वाहत येते, शिरपूर-शिंदखेड्याच्या मधून पुढे सरकते आणि सुरतेच्या खाली अरबी समुद्राला मिळते. धुळ्याहून रस्त्याने हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. जळगावकरांना आणखी नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर धरावे लागतात. घरात खाऱ्या पाण्याची टाकी लावायची म्हटले की चार कॅन घेऊन सुरत गाठावी, असा विचार हटकून सुचतो. तो तिथेच सोडलेला बरा. खंबातच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा जोर मोठा. तळाचा गाळ कायम ढवळलेला, त्यात नदीचे गोडे पाणी आणि काठावरच्या कारखान्यांचा वारसा. प्रवाळबेटांवरच्या माशाला ते पाणी मानवणार नाही.

मराठी घरांतल्या अनेकांनी समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलेले हे मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या अगदी कडेला. समुद्र पायाशी असण्याची ती सोय धुळ्याच्या देवपुरात किंवा जळगावच्या पिंप्राळ्यात कुठून आणायची? पण समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची ही अडचण पहिल्या मत्स्यालयाइतकीच जुनी आहे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा तिथे खारे पाणी किनाऱ्यावरून आणावे लागे. त्या कामाशी जोडलेले निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी पुढच्याच वर्षी चार क्षार गोड्या पाण्यात विरघळवून समुद्राचे पाणी तयार करून दाखवले. आज बाजारात पिशवीबंद मिळणारे मरीन सॉल्ट हे त्याच प्रयोगाचे सुधारलेले रूप.

म्हणजे समुद्र पार्सलने घरपोच येतो. खान्देशात कस लागतो तो दुसऱ्या दोन गोष्टींत : स्वच्छ गोडे पाणी आणि उन्हाळा. खारी टाकी सांभाळायची म्हणजे रोज गोड्या पाण्याचा हिशेब ठेवायचा. हे एकदा डोक्यात बसले की पुढची निम्मी कामे आपोआप समजतात.

काच घ्या, पाणी नको

नवीन मरीन टाकी पंप-दिव्यांसह महाग पडते, म्हणून सुरुवात जुन्या टाकीपासून करणे शहाणपणाचे. पुणे, नाशिक, मुंबईकडे बदली झाली, घर बदलले किंवा हौस फिटली की लोक अख्खा संच विकायला काढतात. नाशिकहून धुळे जेमतेम दीडशे-एकशे साठ किलोमीटर. गाडीच्या मागच्या सीटवर गादी टाकून दोन फुटी टाकी आरामात येते.

नवख्यासाठी मापही दोन फुटांचेच बरे. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ४५ उंच अशा टाकीची क्षमता ८१ लिटर. वर सोडलेली जागा, दगड आणि वाळू वजा जाता प्रत्यक्ष पाणी धरा ६५ लिटर. याहून लहान टाकी स्वस्त दिसते, पण पाणी जितके कमी तितके ते लवकर तापते आणि लवकर बिघडते.

टाकी पाहायला जाताना दिवसाउजेडी जावे. आधी पाहायचे काचेचे सांधे. आतल्या कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर नख फिरवा. ते रबरासारखे घट्ट बसलेले असेल तर ठीक. कडेला सुटलेले, पिवळे पडून चुरा होणारे किंवा आत बुडबुडे धरलेले असेल, तर ती टाकी पुन्हा चिकटवल्याशिवाय कामाची नाही. ओरखडे आतून आहेत की बाहेरून, हेही पाहा. आतल्या ओरखड्यात शेवाळ रुतते. घरी आणल्यावर सपाट फरशीवर थर्माकोल, त्यावर कोरडे वर्तमानपत्र आणि त्यावर टाकी अशी मांडणी करून साध्या पाण्याने ती काठोकाठ भरा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. डोळ्यांना न दिसणारी गळती असेल, तर कागद ओला होऊन लगेच चुगली करतो. पाणी, दगड आणि स्टँड धरून हा ऐवज शंभर किलोंच्या घरात जातो. तो पलंगाशेजारच्या तकलादू टेबलावर ठेवायचा नसतो.

काचेवरचे पांढरे क्षारांचे थर व्हिनेगरने किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने निघतात. साबण आणि भांड्याची पावडर टाकीच्या आसपासही नको. टाकीची बादली वेगळी ठेवा आणि तिच्यावर रंगाने खूण करा, नाहीतर एखाद्या सकाळी तिच्यात कपडे भिजत पडलेले सापडतील.

विकणाऱ्याला एक प्रश्न न चुकता विचारा : या टाकीत तांब्याचे औषध कधी वापरले होते का? माशांच्या अंगावरच्या परजीवींवर ते गुणकारी आहे, पण गोगलगाय, कोळंबी, खेकडा यांना तांबे मारक. चुनखडीच्या दगडात आणि वाळूत ते मुरते आणि पुढे पाण्यात उतरत राहते. उत्तर गुळमुळीत आले तर काच घ्या, दगड-वाळू सोडा. वाळू तर एरवीही सोडावी. जुन्या वाळूत वर्षानुवर्षांची घाण दबलेली असते. ती ढवळली की नव्या टाकीचे पाणी पहिल्याच दिवशी नासते. मरीन वाळू महाग नाही, नवी आणावी.

टाकी चालू असताना उचलणार असाल, तर फिल्टरमधले स्पंज आणि सिरॅमिकचे तुकडे मात्र जरूर मागून घ्या. ते डब्यात टाकीच्याच पाण्यात बुडवून, झाकण सैल ठेवून, त्याच दिवशी घरी आणायचे. त्यांच्यावर काय वसलेले असते ते पुढे येईलच.

मीठ पिशवीतले, पाणी कुठले?

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड आणि सोडियम मिळून तीस ग्रॅमच्या पुढे. उरलेल्यात सल्फेट, सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम, ०.४ ग्रॅम कॅल्शियम, तेवढेच पोटॅशियम आणि कितीतरी द्रव्ये अंशरूपाने. स्वयंपाकघरातले मीठ चालेल का, असे सगळेच विचारतात. चालत नाही. मिठागरात पाणी आटवून सोडियम क्लोराइडचे खडे जमले की उरलेले कडवट पाणी काढून टाकतात. मॅग्नेशियमचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर जातो. खडे मीठ पाण्यात घालून खारट पाणी मिळेल, समुद्राचे पाणी मिळणार नाही. पुड्यातल्या मिठात तर आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेली द्रव्येही असतात. रेड सी, इन्स्टंट ओशन अशा नावांनी मिळणारे मरीन सॉल्टच घ्यायचे. लिटरला साधारण ३८ ग्रॅम लागते, कारण त्यातले काही क्षार स्वतःत पाणी धरून असतात. ६५ लिटरला अडीच किलो मीठ झाले.

खरी काळजी पाण्याची. जळगाव शहराला वाघूर धरणाचे पाणी, धुळ्याला तापी योजनेचे आणि जवळच्या तलावांचे. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून ते साठवायचे; कमी पडले तर बोअरचे किंवा टँकरचे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. बोअरचे पाणी काळ्या पाषाणातून आलेले, जड. कपाशी आणि केळीच्या पट्ट्यात त्यात खतांचे नायट्रेटही उतरलेले असते. माणसाला चालणारे पाणी इथे चालेलच असे नाही, कारण टाकीतून फक्त पाणी उडते आणि त्यातले बाकी सगळे मागे साठत जाते.

म्हणून आरओचे पाणी. त्यातही एक गोम आहे. घरातल्या बहुतेक आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळायची किंवा खनिजे घालायची सोय असते, त्यामुळे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा ५०-१०० दिसतो. टाकीसाठी तो शून्याजवळ हवा. मेकॅनिककडून मिसळणीचा व्हॉल्व्ह बंद करून घ्यावा, खनिजांच्या कार्ट्रिजच्या आधी पाणी काढून घ्यावे आणि शक्य असेल तर शेवटी उरलेसुरले क्षार धरून ठेवणारा डीआय रेझिनचा एक फिल्टर जोडावा. आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकते. ते फरशी पुसायला, भांडी विसळायला ठेवावे. जिथे नळाची वाट पाहून दिवस मोजतात, तिथे मोरीत सोडलेले पाणी घरच्यांच्या डोळ्यांत सलते आणि हौसेला पहिला विरोध तिथूनच सुरू होतो.

मीठ मिसळायचे ते टाकीत नाही, वेगळ्या ड्रममध्ये. लहान पंप सोडून एक दिवस पाणी फिरते ठेवा, मग क्षारता मोजा. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. जुन्या संचात तो बहुधा फुकट येतो, पण आकडा खरा दाखवतोय का ते ३५ च्या प्रमाणित द्रावणावर तपासून घ्यावे. क्षारता हजारी ३५, किंवा विशिष्ट गुरुत्व १.०२५-१.०२६, हे आपले लक्ष्य.

मे सोपा, जुलै अवघड

प्रवाळबेटांवरच्या माशांना २५ ते २७ अंश सेल्सिअस मानवते. जळगाव-भुसावळचा मे महिना ४३-४५ अंशांचा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बहुतेकांचा बेत तिथेच बारगळतो. पण खान्देशच्या उन्हाळ्यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे : हवा कोरडी असते.

पाण्याची वाफ होताना ते आपल्यातली उष्णता घेऊन जाते. आपल्या ६५ लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी वाफ होऊन गेले, तर त्यासोबत जाणारी उष्णता उरलेले पाणी जवळजवळ ९ अंशांनी थंड करू शकेल इतकी असते. दरम्यान बाहेरून उष्णता येत राहते, म्हणून प्रत्यक्षात एवढी घट दिसत नाही, पण जोर कुठे आहे ते कळते. वाफेने पाणी किती थंड होऊ शकते याची मर्यादा हवेतल्या ओलाव्यावर ठरते. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला की जे तापमान दिसते, ती ही मर्यादा. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना हा आकडा २३ च्या आसपास येतो. पावसाच्या तोंडावर हवा ३४ अंशांवर उतरते, पण आर्द्रता ६५ टक्क्यांवर जाते आणि ओल्या फडक्याचा आकडा २८ च्या वर चढतो. घरातला कूलर मे महिन्यात हुडहुडी भरवतो आणि जुलैत नुसती चिकचिक करतो, त्याचे कारणही हेच.

म्हणून टाकीच्या काठावर पाण्याकडे तोंड करून एक-दोन छोटे पंखे लावले की मे महिना निभावतो. टाकीवर काच ठेवायची नाही, वाफ अडते. मासे उडी मारतात म्हणून बारीक जाळी ताणायची. टाकी पश्चिमेच्या भिंतीला किंवा वरच्या मजल्यावर स्लॅबखाली नको. तळमजल्याची आतली खोली घ्यावी. खान्देशातले जुने धाब्याचे घर असेल तर त्याहून चांगली जागा नाही. पंख्याने भागत नाही असे दिवस जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतचे. तेव्हा खोलीत एसी असेल तर उत्तम; नसेल तर जुना, पण चालू स्थितीतला चिलर शोधून ठेवावा. गरम खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. ३० अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सुमारे साडेसात मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच. त्यात वीज गेली आणि पंप थांबला की मासे तासाभरात वर येऊन तोंड उघडू लागतात. पंप आणि पंखे इन्व्हर्टरवर घ्यावेत, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा.

हिवाळ्याचेही विसरू नये. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली सहज उतरतो. १०० वॉटचा हीटर तिथे पुरतो.

पंख्याची किंमत मोजावी लागते ती गोड्या पाण्यात. दिवसाला एक-दीड लिटर पाणी उडते. मीठ टाकीतच राहते. चार दिवस लक्ष दिले नाही आणि पाच लिटर पाणी घटले, तर ३५ ची क्षारता ३८ वर जाते. म्हणून रोजची भर घालायची ती आरओच्या बिनमिठाच्या पाण्याची. इथे नवखे हमखास चुकतात. खाऱ्या टाकीत खारेच पाणी ओततात. सकाळी एकदम तांब्याभर ओतण्यापेक्षा थेंबाथेंबाने द्यावे. ठिबक सिंचन देशभर नेणाऱ्या जैन इरिगेशनच्या जळगावात हे कोणाला समजावून सांगायला नको. औषधाच्या दुकानात मिळणारा सलाइनचा नवा सेट आणा, वर पाण्याचा कॅन ठेवा आणि चाकी फिरवून थेंब जुळवा. सेटच्या पाकिटावर मिलिलिटरला वीस थेंब लिहिले असेल, तर मिनिटाला चौदा थेंब म्हणजे दिवसाला एक लिटर. टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीशी पेनाने रेघ मारून ठेवा. पाणी रेघेच्या खाली गेले तर थेंब वाढवायचे, वर आले तर कमी करायचे.

शेतातलेच जिवाणू, टाकीत

टाकी भरली, पाणी स्वच्छ दिसले, म्हणून मासे सोडायचे नसतात. मासा अमोनिया सोडतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३, आणि अल्कधर्मी पाण्यात अमोनियाचा विषारी भाग कितीतरी पटीने वाढतो. तो काढायचे काम दोन प्रकारचे जिवाणू करतात : पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. कपाशीला युरिया दिला की जमिनीत हीच साखळी चालते आणि शेवटी पिकाला नायट्रेट मिळते. टाकीत हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत आणि फिल्टरच्या सिरॅमिकवर वस्ती करतात. जुन्या टाकीचे ओले स्पंज मागून आणायचे ते यासाठीच.

या वस्तीला आधी खायला द्यावे लागते. त्यासाठी अमोनियम क्लोराइड वापरतात, म्हणजे आपला नवसागर, जो कल्हईवाल्याच्या पिशवीत असायचा. टाकीसाठी तो प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. ६५ लिटरमध्ये लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया आणायला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी नवसागर लागतो. म्हणून चमच्याने नव्हे, सोनाराच्या काट्यासारख्या बारीक वजनकाट्यावर मोजावा. मग टेस्ट किटने दर दोन-तीन दिवसांनी पाहत राहायचे. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढते आणि उतरते. घातलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य दिसू लागले, की टाकी सायकल झाली म्हणायची. नव्या सामानाला चार ते सहा आठवडे लागतात, ओले माध्यम मिळाले असेल तर कमी. या काळात दिवा मंद ठेवावा, नाहीतर शेवाळाचे पीक येते. नायट्रेट उरतेच, ते काढण्यासाठी आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे. साडेसहा लिटर पाणी आणि पाव किलो मीठ एवढाच त्याचा खर्च.

कोणाला घरात घ्यावे

कायद्याची गोष्ट आधी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या सूचींत २००१ साली समुद्री घोड्यांची भर पडली. कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हेही संरक्षित आहेत. प्रवाळ जिवंत असो की नुसता सांगाडा, भारतीय समुद्रातून काढून विकणे हा गुन्हा आहे आणि पहिल्या सूचीतल्या प्राण्यांसाठी किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. म्हणून जुन्या संचाबरोबर येणारे ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जिवाणू वसलेले समुद्री दगड, एकेक करून तपासा. दगडावर तारकेच्या आकाराच्या बारीक वाट्या ओळीने दिसत असतील आणि प्रत्येक वाटीत मध्याकडे जाणारे पातळ पडदे असतील, तर तो प्रवाळाचा सांगाडा. असा दगड घेऊ नका, विकू नका, भेटही स्वीकारू नका. सच्छिद्र सिरॅमिकचे किंवा कारखान्यात बनवलेले दगड जिवाणूंना तेवढेच मानवतात.

पहिले रहिवासी म्हणून क्लाउनफिशची जोडी घ्यावी, तीही हॅचरीत वाढवलेली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे. हॅचरीतला मासा समुद्रातून ओरबाडलेला नसतो, पहिल्या दिवसापासून कोरडे खाद्य खातो आणि बंद पाण्याला सरावलेला असतो. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात. जोडीतला मोठा पुढे मादी होतो. म्हणून थोड्या लहान-मोठ्या आकाराचे दोन घेतले की जोडी आपोआप जमते. ‘फाइंडिंग नीमो’ पाहिलेली मुले समुद्रफुलाचा हट्ट धरतील. तो पुरवू नये. समुद्रफुलाला तीव्र प्रकाश आणि मुरलेली टाकी लागते, आणि क्लाउनफिशचे त्याच्यावाचून काही अडत नाही. याच चित्रपटातल्या डोरीची, निळ्या टँगची, वाढ फूटभरापर्यंत जाते. दोन फुटी टाकीत तिला कोंडणे हा छळ आहे.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा पुण्याहून मासा रात्रीच्या गाडीने आणावा, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवावी. घरी आल्यावर पिशवी उघडून पाणी भांड्यात काढायचे आणि पुन्हा तोच सलाइनचा सेट लावून तासभर टाकीचे पाणी त्यात थेंबाथेंबाने सोडायचे. मग मासा जाळीने उचलून आधी वेगळ्या साध्या टाकीत तीन-चार आठवडे. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचे औषध तिथेच द्यायचे. हे ठिपके आणणारा परजीवी मुख्य टाकीत शिरला तर ती अडीच महिने माशांविना ठेवावी लागते.

सुरुवात कधी करावी

खान्देशात मरीन टाकीचे वर्ष दिवाळीनंतर सुरू करावे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत हीटर लावून टाकी सायकल होते, कारण पाणी तापवणे सोपे आणि स्वस्त असते. जानेवारीत गोगलगायी आणि हर्मिट खेकडे, फेब्रुवारीत क्लाउनफिशची जोडी, एवढ्यावर थांबावे. मार्चमध्ये पंखे आणि इन्व्हर्टरची रंगीत तालीम : मुद्दाम मेन स्विच बंद करून पंप किती तास चालतो ते पाहून ठेवायचे.

एप्रिल-मेमध्ये गोड्या पाण्याची वही ठेवा. रोजची भर, आठवड्याचा बदल आणि आरओने बाहेर टाकलेले पाणी धरले तर महिन्याला दोनशे लिटरच्या आसपास गोडे पाणी या छोट्या समुद्रावर खर्च होते. तेवढे पाणी तुमच्या घराला कडक उन्हाळ्यात परवडत नसेल, तर टाकी घ्यायचीच नाही. परवडत असेल तर पहिला जुलै जाऊ द्या. त्या महिन्यात पाण्याचे तापमान २८ च्या आत राहिले आणि जोडी नेहमीसारखी खात राहिली, तर दिवाळीला तिसरा मासा आणायला हरकत नाही.